थायलंडचा व्हिसामुक्त प्रवेश : बदललेले नियम आणि मुंबईहून निघताना लागणारी कागदपत्रं

चुनाभट्टीकर | ८ डिसेंबर २०२५, सकाळी ९.४०

नाताळच्या सुट्टीत थायलंडला निघालेल्यांची गर्दी सुरू झाली आहे आणि सोसायटीच्या, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अजूनही जुनेच नियम फिरताहेत. कुणी सांगतं, उतरल्यावर दोन हजार बाट भरा. कुणी सांगतं, पंधराच दिवस मिळतात. कुणी सांगतं, आता काहीच लागत नाही, पासपोर्ट घ्या आणि चढा. तिन्ही चूक आहेत, आणि तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. म्हणून सगळं एका धाग्यात आणतोय. माहितगारांनी भर घालावी.

आधी बदलांचा क्रम. नोव्हेंबर २०२३ च्या आधी भारतीयांना तिथे उतरल्यावर व्हिसा ऑन अरायव्हल घ्यावा लागायचा : १५ दिवस, शुल्क २००० बाट. १० नोव्हेंबर २०२३ पासून ३० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश सुरू झाला. ही सवलत तात्पुरती होती. पहिली मुदत १० मे २०२४, ती वाढवून ११ नोव्हेंबर २०२४ केली. ती संपायच्या आतच १५ जुलै २०२४ ला थायलंडने व्हिसामुक्त देशांची यादी ५७ वरून ९३ वर नेली, भारताला त्यात घातलं आणि मुक्काम ६० दिवसांचा केला. डिसेंबर २०२५ मध्ये तोच नियम चालू आहे. शुल्क शून्य.

त्यानंतर १ मे २०२५ पासून टीडीएसी, म्हणजे थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड, सक्तीचं झालं. पूर्वी विमानात कागदी टीएम-६ फॉर्म भरायचो, त्याची जागा याने घेतली. हा व्हिसा नाही आणि व्हिसाला पर्यायही नाही. पण तो नसेल तर चेक-इनच्या काउंटरवरच अडायला होतं.

व्हिसा गेला तरी बाकीच्या अटी जिथल्या तिथे आहेत : पासपोर्टची सहा महिने मुदत, ६० दिवसांच्या आत थायलंड सोडण्याचं पक्कं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि हातात पैसे (माणशी १०,००० बाट, कुटुंबाला २०,०००). पूर्वी ही कागदपत्रं व्हिसाच्या खिडकीवर तपासली जायची, आता मुंबईत टर्मिनल दोनच्या काउंटरवर तपासली जातात. आणि तिथे काही कमी निघालं तर ते आणायला वेळ उरलेला नसतो.

---

टर्मिनल_दोन | ८ डिसेंबर, सकाळी १०.५५

चांगला धागा. काउंटरवरची माणसं इतकं का विचारतात, त्याबद्दल थोडं.

विमान कंपन्या प्रत्येक प्रवाशाची कागदपत्रं ‘टायमॅटिक’ या आयाटाच्या (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) माहितीसाठ्याशी ताडून बघतात. नागरिकत्व, कुठून कुठे, पासपोर्टची मुदत, परतीची तारीख टाकली की त्या देशाची अट समोर येते. प्रवासी तिकडे नाकारला गेला तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीची, वर दंडाची शक्यता. त्यामुळे शंका आली की काउंटरवरचा माणूस धोका पत्करत नाही. ‘थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केलाय’ हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याला हवं असतं बाहेर पडण्याचं तिकीट.

सगळ्यात जास्त अडकतात ते एकेरी तिकीटवाले. जाताना एका कंपनीचं, येताना दुसऱ्या कंपनीचं स्वस्त तिकीट काढलेलं असतं, तेव्हा पहिल्या कंपनीच्या संगणकावर परतीचं काहीच दिसत नाही. परतीच्या तिकिटाची पीडीएफ फोनमध्ये उघडून ठेवा आणि एक छापील प्रत घ्या. रांगेत उभं राहून मेल शोधत बसू नका.

दुसरं, सध्या ‘डमी तिकीट’ विकणारे बरेच आहेत. तीन-चारशे रुपयांत पीएनआर (आरक्षणाचा क्रमांक) देतात. ते आरक्षण एक-दोन दिवसांत आपोआप रद्द होतं, आणि काउंटरवरून पीएनआर तपासला की तिकीट नसल्याचं दिसतं. अशा वेळी तिथल्या तिथे नवं तिकीट काढावं लागतं, त्या क्षणी जो भाव असेल त्या भावाने. कृपया हा मार्ग धरू नका. परतीची तारीख नक्की नसेल तर तारीख बदलता येणारं किंवा पैसे परत मिळणारं खरं तिकीट काढा.

---

मुलुंडची_मीनल | ८ डिसेंबर, दुपारी १२.२०

लहान मुलांच्या पासपोर्टलाही सहा महिन्यांची अट आहे का? आणि एप्रिल २०२६ मध्ये संपणाऱ्या पासपोर्टवर २४ डिसेंबरला जाता येईल का?

---

काळाचौकी | ८ डिसेंबर, दुपारी १.०५

मीनलताई, अट सगळ्यांना सारखीच आहे, तान्ह्या बाळालाही. २४ डिसेंबरला पोहोचणाऱ्याचा पासपोर्ट किमान २४ जून २०२६ पर्यंत चालायला हवा. एप्रिलवाला चालणार नाही.

आईवडिलांचे पासपोर्ट दहा वर्षांचे असतात आणि मुलांचे पाच वर्षांचे, त्यामुळे घरात नेमका मुलाचाच आधी संपतो आणि तो कुणी बघत नाही. अजून सोळा दिवस आहेत, तत्काळमध्ये होऊ शकतं. आजच अर्ज करा.

पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर ‘री-इश्यू’ निवडा, कारण ‘व्हॅलिडिटी एक्स्पायर्ड ऑर ड्यू टु एक्स्पायर’. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून हा अर्ज करता येतो. अल्पवयीन मुलाचं शुल्क १००० रुपये, तत्काळचे वर २०००. दोन्ही पालकांच्या सह्यांचं ‘अनेक्श्चर डी’ लागतं. एक पालक बाहेरगावी असेल तर सही आधीच मागवून घ्या, अर्ज बहुधा इथेच रखडतो. दोघांच्या पासपोर्टच्या प्रती, मुलाचा जन्मदाखला आणि मूळ जुना पासपोर्ट न्यायचा. पालकांचे पासपोर्ट चालू असतील तर मुलासाठी सहसा पोलिस पडताळणी लागत नाही, त्यामुळे काम लवकर होतं. मुंबई-ठाण्यात लोअर परळ, अंधेरी, मालाड, ठाणे अशी केंद्रं आहेत. ठाण्याची वेळ मिळत नसेल तर बाकीची तिन्ही बघा.

आणि नवा पासपोर्ट हातात आला की लगेच दोन कामं : विमान कंपनीच्या आरक्षणात नवा क्रमांक घाला आणि टीडीएसी नव्याच क्रमांकावर भरा. जुन्या क्रमांकावर भरलेला टीडीएसी चालत नाही.

---

सुलेखा_पार्ले | ८ डिसेंबर, दुपारी ४.३०

टीडीएसीबद्दल सविस्तर लिहिते, कारण सर्वाधिक गोंधळ तिथे होतो.

अधिकृत पत्ता एकच : टीडीएसी डॉट इमिग्रेशन डॉट गो डॉट टीएच. शेवट ‘गो डॉट टीएच’ असाच हवा. गूगलवर शोधलं की वरती जाहिरातीतली संकेतस्थळं येतात, दिसायला अगदी सरकारी. ती माणशी हजारो रुपये घेतात आणि तुमचा पासपोर्ट क्रमांकही घेतात. खऱ्या ठिकाणी एक पैसा लागत नाही. पैसे भरायचं पान आलं तर ते संकेतस्थळ बंद करा.

कधी भरायचा : पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. त्याहून आधी अधिकृत फॉर्म भरताच येत नाही, म्हणून पंधरा दिवस आधी खटपट करू नका. आणि शेवटच्या रात्रीवरही ठेवू नका.

तारखेची चूक मुंबईकरांकडून फार होते. इथून बँकॉकची बरीच विमानं रात्री निघतात आणि पहाटे किंवा सकाळी उतरतात. फॉर्ममध्ये विचारलेली तारीख *तिथे पोहोचण्याची* आहे. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. म्हणजे २४ ला रात्री ११ वाजता मुंबईहून सुटणाऱ्या विमानासाठी तारीख २५ डिसेंबर. तिकिटावर ‘अरायव्हल’च्या पुढे जी तारीख छापलेली आहे तीच टाका.

आता नाव. आपल्याकडे पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’ या ओळीत स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, उदाहरणार्थ ‘सुनीता रमेश’, आणि ‘सरनेम’च्या ओळीत पाटील. फॉर्ममध्येही तसंच भरायचं. पहिल्या चौकटीत नुसतं सुनीता, मधल्या चौकटीत काहीच नाही, असं केलं की पासपोर्ट आणि कार्ड जुळत नाहीत. मधल्या नावाची वेगळी चौकट दिसली तरी दोन्ही मिळून पासपोर्टवरची पूर्ण ओळ तयार व्हायला हवी. लग्नानंतर आधारवर नाव बदललं असेल आणि पासपोर्ट जुन्याच नावाचा असेल, तर तिकीट आणि टीडीएसी दोन्ही जुन्या नावानेच.

विमानाचा क्रमांक बोर्डिंग पासवर जो असेल तो. पत्ता पहिल्या हॉटेलचा पुरतो. फुकेत, क्राबी, बँकॉक असे तिन्ही पत्ते द्यायची गरज नाही. गेल्या १४ दिवसांत कोणत्या देशांत होतात असा प्रश्न येतो, तिथे भारत निवडायचा, मधे दुसरीकडे जाऊन आला असाल तर तोही देश.

घरातल्या सगळ्यांची माहिती एकाच अर्जात जोडता येते, पण कार्ड प्रत्येकाचं वेगळं तयार होतं. मेलवर क्यूआर कोड असलेली पीडीएफ येते. ती फोनमध्ये उतरवून ठेवा आणि प्रत्येकाची एक प्रत छापा. आजीआजोबांचं कार्ड मुलाच्या फोनमध्ये, आणि मुलगा दुसऱ्या रांगेत, असं झालं की पंचाईत होते.

---

टर्मिनल_दोन | ८ डिसेंबर, सायंकाळी ५.१०

सुलेखाताई, उत्तम. एक भर : प्रत्येक प्रवेशाला नवं कार्ड. बँकॉकहून चार दिवस व्हिएतनामला जाऊन परत थायलंडमध्ये यायचं असेल तर परतताना पुन्हा भरावं लागतं. आधीचं चालत नाही. हे कार्यक्रम आखतानाच लिहून ठेवा, कारण ते भरायची वेळ प्रवासाच्या मधेच येते.

---

गिरगाव_नाका | ८ डिसेंबर, रात्री ८.१५

दहा हजार बाट खरंच रोख दाखवायला लागतात? आजकाल सगळे फॉरेक्स कार्ड नेतात. कुणी विचारतही नाही म्हणतात.

---

काळाचौकी | ८ डिसेंबर, रात्री ८.५०

बहुतेकांना विचारत नाहीत, हे खरं. पण नियमात आहे, आणि विचारायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात. विशेषतः एकटा प्रवासी, तरुण वय, लांबचा मुक्काम, किंवा पासपोर्टवर वर्षभरात थायलंडचेच बरेच शिक्के असतील तर विचारणा होते. त्या वेळी ‘खात्यात आहेत’ हे उत्तर पुरतंच असं नाही.

१०,००० बाट म्हणजे सध्याच्या भावाने साधारण २७-२८ हजार रुपये. माझं मत : तेवढी किंमत बाट किंवा डॉलरच्या नोटांत ठेवावी, बाकी कार्डावर. तसेही तिथल्या एटीएमला परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाटच्या आसपास शुल्क पडतं, म्हणजे थोडी रोकड जवळ असणं फायद्याचंच.

---

गिरगाव_नाका | ८ डिसेंबर, रात्री ९.०५

चार माणसांच्या कुटुंबाने लाखाहून जास्तीच्या नोटा खिशात घेऊन फिरायचं हे मला पटत नाही. चोरी झाली तर?

---

चुनाभट्टीकर | ८ डिसेंबर, रात्री ९.४०

गिरगावकर, चार जणांच्या कुटुंबाला चाळीस हजार बाट लागत नाहीत. *कुटुंबाला मिळून २०,०००* अशी अट आहे, म्हणजे साठेक हजार रुपयांच्या आतच. आणि ते दोघा मोठ्यांमध्ये वाटून ठेवता येतात. एकत्र निघालेले चार मित्र मात्र कुटुंब होत नाहीत, त्यांना माणशी दहा हजार.

नोटा न्यायची मर्यादाही लक्षात असू द्या. परकीय चलन एका प्रवासाला ३००० डॉलरपर्यंत रोख नेता येतं, बाकी कार्डावर. भारतीय रुपये २५,००० पर्यंतच देशाबाहेर नेता येतात. अधिकृत मनी चेंजरकडून पावतीसह घ्या. पावती पाकिटातच ठेवा.

---

मध्य_रेल्वे | ९ डिसेंबर, सकाळी ७.२५

इथे एक गोष्ट सुटतेय : ईसीआर.

थायलंडशी प्रश्न सुटला तरी मुंबईतल्या आपल्या इमिग्रेशनचा वेगळा आहे. ज्यांच्या पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असं छापलेलं आहे, त्यांना १८ देशांत नोकरीसाठी जायला परवानगी लागते. आखाती देश सगळ्यांना माहीत असतात, पण त्या १८ मध्ये थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियाही आहेत. ईसीआर पासपोर्टवर *पर्यटनाला* जाता येतं, मात्र परतीचं तिकीट, हॉटेल आणि जाण्याचं कारण अगदी स्पष्ट दिसायला हवं. थोडी जरी गडबड वाटली तरी चौकशी लांबते आणि विमान सुटतं.

दहावी उत्तीर्ण असलेल्यांना, पन्नाशी ओलांडलेल्यांना, आयकर भरणाऱ्यांना हा शिक्का लागू होत नाही. तरी कित्येकांच्या पासपोर्टवर तो राहून गेलेला असतो, कारण अर्ज करताना दहावीचं प्रमाणपत्र जोडलेलं नसतं. तो काढायला ‘री-इश्यू’चाच अर्ज करायचा. घरातल्या ज्येष्ठांचे आणि गावाकडून बरोबर येणाऱ्यांचे पासपोर्ट आधी एकदा उघडून बघा.

---

सुलेखा_पार्ले | ९ डिसेंबर, सकाळी ९.००

मध्य_रेल्वे, फार महत्त्वाचं लिहिलंत. याच्याच जोडीने, ज्यांच्या घरात विशी-पंचविशीतली मुलं नोकरी शोधताहेत त्यांच्यासाठी :

थायलंडचा व्हिसामुक्त प्रवेश पर्यटनासाठी आणि व्यवसायाच्या भेटीगाठींसाठी आहे. तिथे पगारी नोकरी करायला वेगळा व्हिसा आणि वर्क परमिट लागतं. ‘डेटा एंट्री, पगार ऐंशी हजार, व्हिसा लागत नाही, तिकीट आम्ही काढतो, बँकॉकला उतरा’ अशी जाहिरात दिसली तर समजून जा. अशा मुलांना बँकॉकहून रस्त्याने माए सोत या सीमेवरच्या गावी नेतात आणि नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबतात. पासपोर्ट काढून घेतात, दिवसाला चौदा-सोळा तास लोकांना फसवायचं काम करून घेतात. गेल्याच महिन्यात भारतीय हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून शेकडो भारतीयांना परत आणलं. हे लोक थायलंडमध्ये कायदेशीर मार्गानेच, पर्यटक म्हणून उतरलेले असतात.

एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं. तिथे नाव नसेल तर पुढचं बोलणंच नको. टर्मिनल दोनवर एकट्या तरुण प्रवाशांना जास्त प्रश्न विचारतात ते यासाठीच. त्याचा राग मानू नये.

---

वरळी_सीफेस | ९ डिसेंबर, दुपारी १२.४५

उतरल्यानंतरचं लिहितो.

शिक्का मारून पासपोर्ट हातात आला की *काउंटर सोडायच्या आधी* तो उघडा. शिक्क्यात दोन तारखा असतात : प्रवेशाची, आणि कधीपर्यंत राहता येईल ती. दुसरी बघायची. घाईत कधी चुकीच्या गटाचा शिक्का बसतो आणि ६० ऐवजी कमी दिवस पडतात. त्याच क्षणी नम्रपणे दाखवलं तर लगेच दुरुस्त होतं. हॉटेलवर गेल्यावर लक्षात आलं तर इमिग्रेशनच्या कार्यालयात चकरा माराव्या लागतात.

दिवस मोजताना पोहोचल्याचा दिवस हाच पहिला. १० डिसेंबरला पोहोचलात तर साठावा दिवस ७ फेब्रुवारी, ८ नव्हे. पहाटे साडेबाराला उतरलात तरी तो अख्खा दिवस मोजला जातो. परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर सांभाळा : ७ तारखेच्या रात्री विमानतळावर पोहोचलात आणि पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का ८ ला बसला, तर एक दिवस जास्त धरतात.

जास्तीच्या दिवसाला ५०० बाट दंड, कमाल २०,०००. एखाद्या दिवसाचं विमानतळावर पैसे भरून निभावतं. ९० दिवसांहून जास्त राहिलं तर पुढे एक वर्ष प्रवेशबंदी, आणि स्वतः हजर न होता पकडलं गेलं तर वर्षाच्या आतल्या मुक्कामालाही पाच वर्षांची बंदी.

खरंच जास्त राहायचं असेल तर मुदत संपायच्या आत इमिग्रेशन कार्यालयात टीएम-७ फॉर्म भरून ३० दिवस वाढवून मिळू शकतात, शुल्क १९०० बाट. बँकॉकमध्ये चेंग वत्थना रस्त्यावरचं कार्यालय. फोटो, पासपोर्टच्या प्रती आणि राहत्या जागेची टीएम-३० नोंद लागते. हॉटेलवाले ती नोंद स्वतः करतात. नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये उतरलात तर घरमालकाने २४ तासांत करायची असते, आणि बरेच मालक करत नाहीत. पहिल्याच दिवशी मालकाकडून करून घ्या, मुदतवाढीच्या वेळी मागे लागून उपयोग नाही.

---

घाटकोपर_पूर्व | ९ डिसेंबर, दुपारी ३.३०

बँकॉकमध्ये दोन विमानतळ आहेत. मुंबईहून सुवर्णभूमीला उतरून डॉन मुआंगहून पुढे बाली, अशा दोन वेगळ्या तिकिटांना टीडीएसी लागतो का?

---

टर्मिनल_दोन | ९ डिसेंबर, दुपारी ४.०५

लागतो. इमिग्रेशन ओलांडून बाहेर यायचं असेल तर तो प्रवेशच, मग मुक्काम दोन तासांचा का असेना. फॉर्ममध्ये ‘थायलंडमध्ये राहणार नाही, पुढे जाणारा प्रवासी’ असा पर्याय आहे, तो निवडला की पत्ता मागत नाही. एकाच तिकिटावर, एकाच विमानतळावर, आतल्या आत विमान बदलत असाल तर लागत नाही. पण दोन वेगळी तिकिटं असतील तर सुवर्णभूमीतही बहुतेक वेळा बॅग बाहेर येऊन घ्यावी लागते, म्हणून भरून ठेवलेला बरा. दोन विमानतळांमध्ये मोफत बस आहे, पुढचं तिकीट दाखवावं लागतं. रस्त्यावरच्या वाहतुकीचा भरवसा नाही, किमान पाच-सहा तास मधे ठेवा.

बालीसाठी वेगळी तयारी. इंडोनेशियाने जून २०२३ मध्ये १५९ देशांची व्हिसामुक्त सवलत थांबवली, त्यात भारतही होता. आता भारतीयांना व्हिसा ऑन अरायव्हल : ५ लाख रुपिया, ३० दिवस. परतीला क्वालालंपूर असेल तर मलेशियात भारतीयांना ३० दिवस व्हिसामुक्त आहे, ती सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. तिथेही एमडीएसी हे वेगळं डिजिटल कार्ड तीन दिवस आधी भरायचं. नावं जवळजवळ सारखी असल्याने लोक एकच भरतात आणि दुसरं राहून जातं.

---

काळाचौकी | १० डिसेंबर, सकाळी ८.२०

रस्त्याने सीमा ओलांडायचा विचार असणाऱ्यांसाठी : थायलंड-कंबोडिया सीमेवरचे नाके यंदाच्या जूनपासून बंद आहेत आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिथे पुन्हा लढाई सुरू झाली होती. कंबोडियातलं सिएम रीप करायचंच असेल तर विमानाने. सीमेलगतच्या थाई जिल्ह्यांतही या दिवसांत जाऊ नये.

६० दिवस संपले की एक दिवस बाहेर जाऊन पुन्हा ६० मिळवायचे, हा प्रकारही आता जमत नाही. कारण न देता दोनपेक्षा जास्त वेळा असं करणाऱ्याला प्रवेश नाकारू, असं थाई इमिग्रेशनने नोव्हेंबरमध्येच जाहीर केलंय. लॅपटॉप घेऊन महिनोन्‌महिने तिथून काम करणाऱ्यांसाठी डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) हा वेगळा व्हिसा जुलै २०२४ पासून आहे : पाच वर्षं मुदत, एका प्रवेशाला १८० दिवस, खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात. भारतातून थाई व्हिसाचे अर्ज १ जानेवारी २०२५ पासून ऑनलाइनच आहेत.

---

गिरगाव_नाका | १० डिसेंबर, सकाळी ११.१०

६० चे पुन्हा ३० होणार अशी बातमी अधूनमधून येते. मार्च-एप्रिलची तिकिटं काढायची की थांबायचं?

---

चुनाभट्टीकर | १० डिसेंबर, दुपारी १२.००

ही चर्चा वर्षभर चालू आहे. ६० दिवसांत लोक बेकायदा धंदे करतात, फ्लॅट भाड्याने देतात, अशा तक्रारी तिथल्या पर्यटन व्यावसायिकांनीच केल्या आणि तिथलं पर्यटन मंत्रालय ३० दिवसांना अनुकूल आहे. आजच्या तारखेला नियम ६० चाच आहे. तुमचा मुक्काम दोन आठवड्यांचा असेल तर ६० चे ३० झाले तरी तुम्हाला काहीच फरक पडत नाही. तिकिटं काढा. दीड-दोन महिने राहणाऱ्यांनी मात्र तारीख बदलता येणारं तिकीट घ्यावं, किंवा सरळ ६० दिवसांचा पर्यटक व्हिसा ऑनलाइन काढावा. तो एकदा मिळाला की सवलतीच्या चढउताराशी संबंध उरत नाही.

ही सवलत थायलंडने एकतर्फी दिलेली आहे, दोन देशांचा करार नाही. देणारा देश ती कधीही काढू शकतो. सर्बियाने १ जानेवारी २०२३ पासून भारतीयांची काढली, कारण त्यांना युरोपीय संघाच्या व्हिसा धोरणाशी जुळवून घ्यायचं होतं. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिली आणि यंदा २२ नोव्हेंबरपासून थांबवली. नोकरीच्या आमिषाने तिथे नेऊन खंडणीसाठी डांबल्याचे प्रकार घडल्यानंतर. आता तिथून नुसतं पुढे जायलाही व्हिसा लागतो. सुलेखाताईंनी वर लिहिलेल्या फसव्या एजंटांमुळे साध्या पर्यटकांची सवलत जाते, ती अशी.

म्हणून नियम दोनदा तपासा : तिकीट काढताना एकदा आणि निघायच्या आठवड्यात एकदा. मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाचं संकेतस्थळ आणि तुमच्या विमान कंपनीचं ‘ट्रॅव्हल डॉक्युमेंट्स’ पान, एवढी दोन पुरतात. यूट्यूबवर तारीख न बघता व्हिडिओ पाहू नका.

---

मुलुंडची_मीनल | १० डिसेंबर, दुपारी २.४०

काळाचौकी, आभारी आहे. तत्काळची वेळ लोअर परळला मिळाली. अजून एक : मुलाबरोबर एकच पालक जात असेल तर?

---

काळाचौकी | १० डिसेंबर, दुपारी ३.१५

उत्तम. दुसऱ्या पालकाचं इंग्रजीतलं संमतीपत्र घ्या. त्यात मुलाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक, बरोबर कोण आहे, प्रवासाच्या तारखा, सही, फोन नंबर. जोडीला दुसऱ्या पालकाच्या पासपोर्टची प्रत आणि मुलाचा जन्मदाखला. दर वेळी मागतीलच असं नाही. पण आईचं आणि मुलाचं आडनाव वेगळं असेल तर मागण्याची शक्यता जास्त. आजीआजोबा किंवा मावशीबरोबर जात असेल तर दोन्ही पालकांचं पत्र आणि ते नोटराइज केलेलं असावं.

---

वरळी_सीफेस | १० डिसेंबर, सायंकाळी ६.३०

अवांतर पण महत्त्वाचं : सामानात व्हेप किंवा ई-सिगारेट असेल तर घरीच ठेवा. थायलंडमध्ये बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, आणि आपल्याकडेही २०१९ पासून त्यांच्या आयात-विक्रीला बंदी आहे. गांजाबाबतही जुने व्हिडिओ बघून जाऊ नका, यंदाच्या जूनपासून तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद आहे. आणि तो परत आणायचा प्रयत्न केला तर टर्मिनल दोनवर सरळ अटक.

---

घाटकोपर_पूर्व | ११ डिसेंबर, सकाळी ८.००

टीडीएसी भरल्यावर हॉटेल किंवा विमान बदललं तर पुन्हा सगळं भरायचं?

---

सुलेखा_पार्ले | ११ डिसेंबर, सकाळी ८.३५

नाही. त्याच संकेतस्थळावर ‘अपडेट’ आहे. हॉटेल, विमान क्रमांक, तारीख तिथे बदलता येते. पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, नागरिकत्व आणि जन्मतारीख या चार गोष्टी मात्र बदलता येत नाहीत. त्यात चूक झाली असेल तर नवं कार्ड भरायचं आणि विमानतळावर नवंच दाखवायचं. बदल केल्यावर पीडीएफ पुन्हा उतरवा आणि आधी छापलेली प्रत फाडून टाका, म्हणजे काउंटरवर चुकून जुनी पुढे जाणार नाही.